रायजादा अँड वाइफ, मुक्काम धानोरखेड

धानोरखेड ग्रामपंचायतीचा गोल शिक्का चोरणारा चोर शुक्रवारी दुपारी सापडला. पल्लवीने त्याला मुद्देमालासकट पकडलं, त्याने गुन्हा कबूल केला आणि वर तिला चहा करून पाजला.

हे आपण वाचलंच नाही असं समजू. चोर सापडलेला नाही, तपास चालू आहे. धानोरखेडात कोणी विचारलं तर हेच सांगायचं. आणि धानोरखेडात सगळेच विचारतात.

तर हे धानोरखेड किन्हीराजाच्या फाट्यावरून आत आहे. किती आत, ते येणाऱ्यावर अवलंबून. मतं मागायला येणाऱ्याला जवळ पडतं, अँब्युलन्सला लांब. पल्लवीलाही ते आधी जवळच वाटलं होतं. सासूबाई, म्हणजे लिलाबाई, जाऊन वर्ष झालं म्हणून पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती आणि नवरा प्रसेनजित थोड्या दिवसांसाठी आले होते. प्रसेनजितची नोकरी लॅपटॉपात होती. लॅपटॉप जिथे उघडेल तिथे नोकरी उघडायची. पल्लवीची नोकरी मात्र जागेवर होती. नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. कितीतरी वर्षं कंत्राटावर पुस्तकांची धूळ झटकल्यावर मिळालेली पक्की ऑर्डर, आणि त्या ऑर्डरीत लिहिलेलं होतं की एक तारखेस हजर व्हावे, अन्यथा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवाराचा विचार करण्यात येईल. हा पुढील उमेदवार पल्लवीच्या स्वप्नात यायला लागला होता. रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

त्यात तिचे डोळे आले. मंगरूळपीरच्या डॉक्टरने थेंब दिले आणि काळा गॉगल लावायला सांगितलं. दुकानात एकच गॉगल शिल्लक होता. अर्धा चेहरा झाकणारा, कडेला सोनेरी चकत्या असलेला. डोळ्यांच्या साथीने गावात जेवढं नुकसान केलं नाही तेवढं या गॉगलने केलं.

ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

सत्त्याऐंशी साली धानोरखेडातला पहिला टीव्ही पल्लवीच्या सासऱ्यांकडे, जानरावांकडे आला. जानराव तेव्हा एसटीत कंडक्टर होते. रविवारी संध्याकाळी ‘रायजादा अँड वाइफ’ नावाची हिंदी मालिका लागायची. कुणाल रायजादा आणि त्याची बायको मोनिषा. दोघं श्रीमंत होते. कशामुळे, ते तेरा भागांत कुठेही सांगितलेलं नाही. थंड हवेच्या ठिकाणी बंगला, लांबलचक मोटार, तिला उठता-बसता नवा गाऊन आणि डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. ही दोघं जिथे पाहुणे म्हणून जात तिथे काहीतरी चोरीला जायचं नाहीतर कोणीतरी मरायचं, तरी लोक त्यांना जेवायला बोलवायचे. मग पोलिसांचं डोकं चालेनासं झालं की ही दोघं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करत, दार लावून घेत आणि बजावत, चोर सापडेपर्यंत इथून कोणी बाहेर जाणार नाही.

मालिका अर्ध्या तासाची होती आणि धानोरखेडची लाइट पंधरा मिनिटांची.

लाइट गेली तरी अंगणातला एकही माणूस उठायचा नाही. जानराव काळ्या पडद्याकडे तोंड करून पुढची गोष्ट सांगायला लागायचे. पुढची गोष्ट त्यांनी पाहिलेली नसे, त्यामुळे कुठे अडत नसे. कुणालचं ते बोलत, पोलिसाचं बोलत, चोराचं बोलत. मोनिषाचं बोलायच्या लिलाबाई, आतून, चुलीपुढून, भाकर थापता थापता. “काहो,” त्यांची मोनिषा विचारायची, “खून सकाऊनच झाला म्हनता, मंग हा चहा कोनं पेला?” आणि तिथेच खुनी घामाघूम व्हायचा. तेरापैकी एकाही भागाचा खरा शेवट धानोरखेडने पाहिला नाही, आणि एकही शेवट कोणाचा हुकला नाही.

आता लिलाबाई नव्हत्या. जानराव संध्याकाळी बंद टीव्हीपुढे बसून राहायचे. बाबांचं मन रमावं म्हणून प्रसेनजितने ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली, अंगणात नवा टीव्ही लावला, जोडीला इन्व्हर्टर ठेवला आणि गावाला बोलावलं. धानोरखेडने रायजादांचा पहिला भाग पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला आणि तिथल्या तिथे फेटाळला.

“हे डुप्लिकेट हाये,” शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या.

“काकू, ओरिजिनल आहे.”

“ओरिजिनल आमी पाह्यलं बापा, तू पाळन्यात होता. मोनिषाचा आवाज असा कोंबडीवानी होता काय? आन थे हिंदी कायले बोलन?”

“आन गाऊन लाल होता,” किराणा दुकानवाले शालिग्राम म्हणाले. पडद्यावर मोनिषा पोपटी गाऊन घालून जिना उतरत होती. “मी सोता पाह्यला. लालभडक.”

जानरावांचा तेव्हाचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, हे कोणी काढलं नाही.

दुसरा भाग लागला. तो निम्म्यावर आला तसे जानराव उठले, त्यांनी प्लग काढला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. पडदा काळा झाला.

“मंग?” रंगूबाई म्हणाल्या, जुन्या सवयीने.

जानरावांनी घसा खाकरला. कुणालच्या आवाजात ते म्हणाले, “मोनिषा, मले तं हा माली लबाड वाटून राह्यला. तुले काय वाटते?”

आणि थांबले. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. तिथून कुकरची शिट्टी आली. प्रसेनजितने घाईघाईने प्लग परत लावला.

दुसऱ्या दिवशी रंगूबाईंची बकरी हरवली.

सगळं गाव बकरी शोधत होतं आणि बकरी सगळ्यांना ऐकू येत होती. ग्रामपंचायतीच्या नव्या व्यायामशाळेतून तिचं ओरडणं चालू होतं. पण व्यायामशाळेचं उद्घाटन झालेलं नव्हतं, आणि उद्घाटन न झालेल्या इमारतीत बकरी असू शकत नाही यावर गावाचं एकमत होतं. पल्लवी डोळ्यांत थेंब घालून, गॉगल लावून तिथून चालली होती. तिने कडी काढली. बकरी बाहेर आली.

घडलं ते एवढंच. गावाने पाहिलं ते वेगळंच. काळा गॉगल लावलेली एक बाई, घाई नाही गडबड नाही, एक कडी काढते आणि हरवलेली वस्तू पुढ्यात उभी.

“मोनिषा,” गर्दीत कोणीतरी हळूच म्हणालं.

“बकरी भेटली, पन चोर कोन?” सरपंच वैजयंतीबाईंनी विचारलं. सोयाबीनच्या ट्रॅक्टरवरून त्या थेट उतरून आल्या होत्या. “चोर भेटल्याशिवाय भाग संपते काय?”

पल्लवीला घरी जाऊन डोळे मिटून पडायचं होतं. कडी बाहेरून लागलेली तिने पाहिली होती, तरी बकरी आपणहून आत गेली, असं तिने सांगून टाकलं. बकरीला चोर ठरवण्यात आलं. तिने इन्कार केला नाही, तो कबुलीजबाब धरला गेला.

मग शालिग्रामच्या दुकानातला तराजू गेला. तो जनावरांच्या हौदात निघाला. मालिकेच्या दुसऱ्या भागात मोत्यांची माळ माशांच्या काचपेटीत सापडते, निदान जानरावांच्या सांगण्यात तरी सापडायची; त्यामुळे हौदात पाहायचं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी सगळे हौदाला पाठ करून पल्लवीची वाट पाहत उभे राहिले. “तुमचं काम हाये ते,” शालिग्राम म्हणाले. मग मदनसिंगच्या ट्रॅक्टरची किल्ली गेली. ती कुटाराच्या, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या ढिगात होती. प्रसेनजित त्या ढिगावर बसला, म्हणून लगेच उठला, म्हणून सापडली.

प्रसेनजितला हे सगळं मानवलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात तो लग्नातला ब्लेझर घालून फिरायचा. तोंडात पाइप हवा म्हणून बडीशेपेची काडी धरायचा.

“प्रसेन, आपल्याला निघायचंय,” पल्लवी म्हणायची. चारचौघांत ती त्याला अहो म्हणे. खोलीत दार लावल्यावर प्रसेन.

“निघू ना गं. पण एक विचार कर, किल्लीच का? ट्रॅक्टर का नाही?”

“कारण ट्रॅक्टर जड असतो, प्रसेन.”

“इंटरेस्टिंग,” तो म्हणायचा आणि काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायचा.

असंच एका संध्याकाळी तो लॅपटॉपवर मीटिंगमध्ये अडकला असताना पल्लवी सासऱ्यांसोबत गवारीच्या शेंगा निवडत बसली. नेटवर चौथा भाग तिने पाहून ठेवला होता. त्यात हिरा चोरीला जातो आणि दारूच्या बाटलीभोवतीच्या बर्फात सापडतो. ती तसं म्हणाली.

“बरफ?” जानरावांना दुखापत झाल्यासारखं झालं. “बरफात हिरा ठेवला तं सरदी नाई होनार त्याले?”

“मग कुठे होता, बाबा?”

“त्या दिशी अंगनात कोनीच नव्हतं. मदनसिंगच्या बहिनीचं लगन होतं, सारे तिकडं. लाइट गेली तं मी आन लिलाच. आमीच दोघायनं पुरा केला तो भाग. कोनालेच नाई सांगितला.” ते जरा पुढे झुकले. “मुंगवड्याच्या डब्यात होता.”

“मोनिषा रायजादाच्या बंगल्यात मुंगवड्या?”

“कायले नसतीन? श्रीमंताले काय तोंड नसते?”

निघायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचा गोल शिक्का गेला.

बकरी, तराजू, किल्ली यांचं एक वेळ चालून जातं. शिक्क्याशिवाय गावात कोणी जन्मत नाही, मरत नाही आणि मधल्या काळात कुठे राहतो याचाही दाखला मिळत नाही. वैजयंतीबाईंनी ग्रामपंचायतीपुढे सगळ्यांना गोळा केलं आणि ज्या वाक्यासाठी बहुधा त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या ते वाक्य उच्चारलं.

“चोर सापडेपावतर गावाच्या बाहीर कोनी जानार नाई.”

“सरपंचबाई,” पल्लवी म्हणाली, “आत्ता माझ्यासमोर दूधवाला गेला किन्हीराजाला.”

“तो साक्षीदार हाये, जाऊ शकते. तुमी गुप्तहेर. अर्धा भाग टाकून रायजादा कधी गेले काय?”

“माझी नोकरी जाईल हो.”

“मोनिषाले कुठं नोकरी होती?” वैजयंतीबाई म्हणाल्या. हा मुद्दा बिनतोड होता.

गावातून बाहेर पडायला गुलाबसिंगची ऑटो ही एकच सोय. गुलाबसिंग शेजारच्या बंजारा तांड्यावरचा. पल्लवी त्याच्याकडे गेली.

“भाभी, मी नेलं असतं,” तो खरोखर वाईट वाटून म्हणाला. “पन तुमी गेल्यावर चोर नाई भेटला, तं पह्यला डाऊट तांड्यावर येते. नेहमीचंच हाये थे. तुमी चोर भेटवा, मी तुमाले फाट्यावर काय, नाशकाले नेतो.”

शुक्रवारी सकाळी पल्लवीने पर्स उचलली आणि कोणाला न सांगता पायीच निघाली. फाट्यापर्यंत गेलं की कोणतीही बस मिळाली असती. शिवारात सोयाबीनची सोंगणी चालली होती. पहिल्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाई विळा हातात घेऊन उभी राहिली.

“काय व, सुगावा लागला काय?”

“नाही हो. अशीच चाललेय.”

“अशीच,” ती बाई मागे वळून मोठ्याने म्हणाली, आणि सोंगणी सोडून मागोमाग चालायला लागली. पुढच्या शेतातून दोघं आले. त्याच्या पुढच्या शेतातून सगळेच आले. पल्लवी भरभर चालली तर सगळे भरभर चालत. ती थांबली की तेही थांबत आणि तिचा पाय पडला होता तिथली माती निरखत. रडू आलं म्हणून तिने गॉगल वर करून डोळे पुसले, तर मागे कुजबुज झाली, “पाह्यलं काय? काहीतरी पाह्यलं तिनं.” फाटा दिसायला लागला तेव्हा तिच्यामागे निम्मं गाव होतं, एक बैलजोडी होती आणि ती बकरी होती.

बस आली. ड्रायव्हरने एवढा जमाव पाहिला, रस्ता रोको आहे असं समजला आणि न थांबता बस दामटली.

पल्लवी धूळ बसेपर्यंत तिथे उभी राहिली. मग तिने रस्त्याकडेच्या एका विहिरीकडे बोट दाखवलं. सगळे विहिरीत डोकवायला धावले, आणि निदान परतीच्या वाटेवर ती एकटी चालू शकली.

घरी आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. स्वयंपाकघरात तांब्या तोंडाला लावला आणि तशीच वर पाहत राहिली. वरच्या फळीवर लिलाबाईंचा मुंगवड्यांचा डबा होता. त्या गेल्या त्याच्या थोडं आधी त्यांनी घातलेल्या शेवटच्या मुंगवड्या. त्या संपल्या असत्या म्हणून वर्षभरात कोणी डब्याला हात लावला नव्हता. आजूबाजूच्या डब्यांवर धुळीचा थर होता. या एकाच डब्याचं झाकण लख्ख होतं.

बरफात हिरा ठेवला तं सरदी नाई होनार त्याले?

तिने पाटावर चढून डबा काढला. झाकण उघडलं. मुंगवड्यांत गोल शिक्का उताणा पडला होता, शाई ओली असतानाच ठेवलेला. वरच्या दोन-चार मुंगवड्यांवर निळ्या उलट्या अक्षरांत ग्रामपंचायत उमटली होती.

“भेटला काय?” दारातून जानरावांनी विचारलं. बस वेळेवर लागली का, असं विचारावं तसं.

“बाबा, तुम्ही?”

“मंग दुसऱ्या कोनाले सुचते काय गावात?” त्यांना तिचं आश्चर्य अपमानासारखं लागलं होतं. “बस. चहा मांडतो.”

त्यांनी चहा ठेवला. पल्लवी पाटावरच बसली, डबा मांडीवर घेऊन.

“बकरीपण तुम्हीच?”

“लय वजन हाये तिचं. आन तू कडी बाहेरून लागेल पाह्यली, मी पाहून राह्यलो होतो तुले. तरी बकरीवर ढकललं. लिला असती तं तिथंच धरलं असतं मले.”

“काहून केलं, बाबा?”

नाशिकच्या मुलाखतीसाठी घासून-पुसून लख्ख केलेली पल्लवीची भाषा इथे पहिल्यांदा निसटली. ती मूळची अकोल्याची.

जानरावांनी चहा दोन कपांत ओतला.

“कुनालचं मले येते,” ते म्हणाले. “चोराचं येते, पोलिसाचं येते, मालीबोवाचंबी येते. मोनिषाचं नाई येत. वर्षभर अंधार करून बसून पाह्यलं. माह्यं बोलून होते, मंग तिकून काहीच येत नाई. तू गॉगल लावून आली, मले वाटलं, पाहू.”

चुलीजवळच्या भिंतीवर लिलाबाईंचा फोटो होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“मला एक तारखेला हजर व्हायचंय, बाबा.”

“मालूम हाये मले. तेरा भाग हायेत, आतापावतर चारच झाले. पन तुले घाई हाये तं डायरेक्ट शेवटचा घेऊ.” त्यांचे डोळे एकदम उजळले. “आज संध्याकाळी सारे बलाव अंगनात. दार लावून घे. आन माह्यं नाव घे. चोर घरातलाच, सोताचा सासरा! असा शेवट कोनत्याच भागात झाला नाई. मंग तू मोकळी. गुलाबसिंगले मी सांगून ठेवतो, ऑटो बाहीर उभी राह्यन.”

“लोक तुम्हाला चोर म्हणतील.”

“म्हनू दे. पन तू नीट म्हन. पह्यले मालीवर डाऊट घेजो, मंग माह्यावर. घाई करू नोको.”

संध्याकाळी अंगण भरलं. अंगणाला दार नव्हतं, म्हणून प्रसेनजितने वाटेवर बाज आडवी लावली आणि ब्लेझर घालून बाजेपाशी उभा राहिला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा सगळ्यात जास्त गंभीर होता. जानराव पुढच्या रांगेत, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून. बाहेर गुलाबसिंगच्या ऑटोचं इंजिन फटफटत होतं. पल्लवीची बॅग ऑटोत होती. शिक्का तिच्या पर्समध्ये होता.

तिने गॉगल चढवला. गावात माळी नव्हता, म्हणून आधी तिने शालिग्रामवर संशय घेतला. त्यांनी तो अभिमानाने स्वीकारला. मग मदनसिंगवर घेतला. मग कडी बाहेरून लागलेली होती हे सांगितलं, अंगणातून “हाव ना!” असा आवाज उठला. मग म्हणाली, “म्हणजे चोर असा आहे, ज्याला रायजादांचा प्रत्येक भाग पाठ आहे. आणि तो चोर या अंगणातच बसलेला आहे. त्याचं नाव…”

लाइट गेली.

इन्व्हर्टर दुपारीच प्रसेनजितने मीटिंगमध्ये संपवला होता.

कोणी उठलं नाही. एक खोकला, एक लेकरू, ऑटोची फटफट. मग अंधारातून रंगूबाई म्हणाल्या, “मंग?”

आणि पुढच्या रांगेतून कुणाल रायजादा बोलला. किंचित कापरा आवाज, एसटीत शेवटच्या सीटपर्यंत पोचायची सवय असलेला. “तं मोनिषा, सांग आता. चोर कोन?”

एक नाव घ्यायचं होतं. पुढे ऑटो होती, फाटा होता, नाशिक होतं, आत गार असलेली ग्रंथालयाची कपाटं होती. पण उद्यापासून जानराव दुकानात गेले की शालिग्राम तराजूवर हात ठेवणार होते. रंगूबाई बकरी आत घेणार होत्या. पल्लवीने तोंड उघडलं. समोर अंधारात म्हातारा श्वास रोखून बसला होता. उत्तराची वाट पाहायची त्याची पद्धत तिला आता माहीत होती. वर्षभर तो तशीच पाहत होता.

“काहो,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण चुलीपुढून यावा तसा आला. “शिक्का सकाऊनच गेला म्हनता, मंग हा चहा कोनं पेला?”

अंगणात कोणीतरी हुंदका दिला की हसलं, ते अंधारात कळलं नाही. बहुतेक रंगूबाई.

“चहा?” कुणाल म्हणाला. “कोनता चहा, मोनिषा?”

“थो नाई काय, दोन कप. एक कप चोराचा. आन दुसरा?”

पुढे ते रंगतच गेलं. चोर पिकात शिरला, विहिरीत उतरला, विहिरीतून बाहेर आला तेव्हा त्याला मिशा होत्या. मध्येच लाइट आली. कोणीतरी उठून मेन स्विच बंद केला आणि परत जागेवर येऊन बसलं. चोर शेवटी फाट्याकडे पळाला आणि बसमध्ये चढला. तो परत येईल, तोवर कोणी बेसावध राहू नका, असं मोनिषाने बजावलं. त्याच सुमारास बाहेरची फटफट बंद झाली. गुलाबसिंग इंजिन बंद करून बाज ओलांडून आत आला आणि खाली मांडी घालून बसला. पुढचं त्यालाही ऐकायचं होतं.

“चांगला चोर वाया घालवला,” सगळे गेल्यावर जानराव म्हणाले. पण त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

एक तारीख आली आणि धानोरखेडात कोणाला न विचारता निघून गेली. पुढील उमेदवार आता पल्लवीच्या स्वप्नात येत नाही. तो नाशिकला हजर झाला आहे. शिक्का अजून तिच्या पर्समध्ये आहे. तो काढून द्यावा तर जो देईल तोच चोर, हे वैजयंतीबाईंनी सभेत जाहीर केलंय. प्रसेनजित त्या शिक्क्याचा शोध रोज नव्या दिशेने घेतो. काल त्याने बायकोलाच, पर्स तिथेच पडलेली असताना, तिला कोणावर संशय आहे का, असं विचारलं. आणि परवा मदनसिंगच्या विहिरीवरची मोटर गेली. पल्लवीने जानरावांकडे पाहिलं. जानराव आकाशाकडे पाहत होते.

म्हणून तिने अर्ज केला. ग्रामसेवकाने तो वाचला, चांगला आहे म्हणाला, आणि पोच देता येत नाही म्हणून परत केला, कारण पोच द्यायला शिक्का लागतो. तो अर्ज असा :

प्रति,
मा. सरपंच, ग्रामपंचायत धानोरखेड

विषय : गुप्तहेर पदावरून कार्यमुक्त करणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, अर्जदार व तिचे पती यांची गावाच्या गुप्तहेर पदी नेमणूक झालेली असून सदर पद मंजूर नाही, त्यास वेतन नाही, व त्यातून निवृत्तीची तरतूद नाही. अर्जदाराचे डोळे आता बरे झाले असून गॉगलची आवश्यकता उरलेली नाही. मालिकेचे उर्वरित भाग अर्जदार दर रविवारी, लाइट असो वा नसो, फोनवरून सांगण्यास तयार आहे.

तरी अर्जदारास गावाबाहेर जाण्याची परवानगी देण्यात यावी, गत महिन्यात अर्जदाराच्या अनुपस्थितीत खर्ची पडलेली एक तारीख तिला मूळ स्थितीत परत करण्यात यावी, आणि या अर्जाची पोच गोल शिक्क्यासह मिळावी, ही नम्र विनंती.